मनगट कुणाचं

सोम. ३ फेब्रुवारी

सव्वासहाला घरी. हातपाय धुतले, घड्याळ मनगटाला बांधलं आणि पाचेक मिनिटांत ते थरथरलं. नेहमीसारखं 'उठा, चाला' असेल म्हणून मोबाइल पाहिला. तिथं लिहिलं होतं: तुमच्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये अनियमिततेची चिन्हं आढळली आहेत, डॉक्टरांचा सल्ला घ्या.

तीनदा वाचलं. मग भाषा बदलून इंग्रजीत वाचलं, भाषांतर करताना कुणी चुकलं असेल म्हणून. तिथंही तेच.

घड्याळ कंपनीचं. जानेवारीत सगळ्यांना वाटली, 'चालत राहा' स्पर्धेसाठी. पावलं मोजतं, झोप मोजतं. हेसुद्धा मोजतं हे माहीत नव्हतं.

वय सव्वीस. बीपी नाही, शुगर नाही. दोन बोटं मनगटावर ठेवून माझे ठोके मोजले. ब्याऐंशी. परत मोजले, शहाण्णव. मोजायला लागलं की वाढतात.

आईनं विचारलं, तोंड का उतरलं. बसमध्ये मळमळलं म्हणून सांगितलं. हे खोटं.

मंगळ. ४ फेब्रु.

रजा टाकली. मुकुंदवाडीतल्या डॉक्टरांकडे गेले. ईसीजी काढला, पट्टी सरळ. चहा किती, जागरण किती, घरात लग्नाचं चाललंय का, असं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला ते स्वतःच हसले. घड्याळाकडे बघू नकोस आठ दिवस, म्हणाले.

ईसीजीची पट्टी आईला पर्समध्ये सापडली. तिला वाचता येत नाही, पण वरखाली रेघा बघून तिला काय ते कळलं. मग सांगावं लागलं. तिनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही. म्हणाली, "बघ किती लागली होती. घरात शिकलेली एकटी तू. तुझंच काळीज बिघडलं तर आमचे कागद कोण वाचंल?"

हसावं की रडावं. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं. आईनं अर्ध्या तासात सांगितलं.

गुरु. ६ फेब्रु.

काल संध्याकाळी परत तसंच. घरी आले, घड्याळ बांधलं, थरथरलं.

आज जेवणाच्या सुट्टीत त्यातली माहिती पहिल्यांदा नीट उघडून पाहिली. सोमवारच्या वेळा दिल्या आहेत: दु. २.१४, २.३१, २.५२, ३.०९. बुधवारच्याही दोन ते सव्वातीनमधल्याच.

सोमवारी दु. २.१४ला मी पॅकिंगमध्ये होते. लाइन रिकामी आणि स्वच्छ असल्याची सही माझी आहे, वेळेसकट. आणि आत घड्याळ चालत नाही. गोळ्यांची कंपनी आहे, अंगठी, बांगडी, कानातलं, घड्याळ, सगळं बाहेर. म्हणून मी ते घरीच ठेवून जाते.

आणि घरी ते आई घालते.

तिला आकडे वाचता येतात, सिटी बसच्या नंबरांमुळे. सिडकोत चार घरच्या पोळ्या आहेत, वेळेवर पोचायचं असतं. सकाळी मी बसला निघाले की ती बांधते, संध्याकाळी मी आले की काढून देते. नऊला निघून ती चारही घरं उरकते, दोनला येऊन साडेतीनपर्यंत आडवी होते. मोबाइल माझ्याजवळ, कंपनीत, शेंद्र्याला. घड्याळाला तो संध्याकाळी भेटतो, तेव्हा ते दुपारचं सांगतं.

दुरुस्ती: ३ तारखेच्या नोंदीत जे माझं म्हणून लिहिलं, ते आईचं असं वाचावं. मागचं पान खोडत नाही. कंपनीत चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. सही केली. ६/२.

कळल्याबरोबर पहिलं काय वाटलं तेही लिहिते. सुटले, असं वाटलं. अर्धा मिनिट असेल.

शुक्र. ७ फेब्रु.

सकाळी आई कणीक मळत होती तेव्हा विचारलं, दुपारी पडल्यावर छातीत काही होतं का.

"काय व्हतंय. पाखरू उडतं."

कसलं पाखरू?

"आता पाखरू म्हणजे पाखरू. घटकाभर फडफडतं, बसतं. सगळ्यांनाच असतंय की. तुला नाय?"

मी नाही म्हटलं. तिनं कणकेचा हात थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला सावली नाही असं मी सांगितलंय. पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत ती समजत होती की हे सगळ्यांना असतं. कधीपासून, तर आठवत नाही. "तू पोटात असताना लई उडायचं. तुझी आजी म्हणायची, पोर चपळ हाय."

पाखरू उडालं की ती उठून बसते, माठातलं दोन घोट पाणी पिते, बसतं. एका घरचा जिना तीन मजल्यांचा आहे, तिथं मधल्या पायरीवर थांबावं लागतं. ते वयानं, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरकडे चल म्हटलं तर सोमवारी बघू. शनिवारी दोन घरी पाहुणे आहेत.

शनि. ८ फेब्रु.

भालेराव मॅडमना सांगितलं. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. स्पर्धेत माझ्या नावावर रोज तेरा-चौदा हजार पावलं पडत होती, आणि मी दिवसभर कागद तपासत खुर्चीवर. त्यांनी मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं आणि मी मान हलवली होती. पावलं आईची. मुद्दाम केलं नाही, पण कळल्यावर सांगितलंही नाही.

मॅडम म्हणाल्या, "एवढंच? मग आईलाच घे आपल्या टीममध्ये, बाकीच्या बसून राहतात." मी म्हटलं, माझी पावलं काढून टाका. त्या म्हणाल्या, काढते बाई, तू झोप. मग हळू आवाजात विचारलं, आईला दाखवलंस का. त्यांच्या सासऱ्यांना असंच होतं, तोंड एका बाजूला गेलं तेव्हा कळलं.

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

सोम. १० फेब्रु.

आईला घेऊन त्याच डॉक्टरांकडे. मी एक तक्ता करून नेला: तारीख, वेळ, घड्याळ कुणाच्या हातात. त्यांनी तक्ता पाहिला, मग मला पाहिलं. कुठं काम करतेस? सांगितलं. "तरीच."

ईसीजी काढला. सरळ. पाखरू तेव्हा उडत नव्हतं.

मग त्यांनी आईला घड्याळ रोज कसं बांधते ते बांधून दाखवायला सांगितलं. आईनं डाव्या हातातल्या बांगड्यांच्या वर, कोपराकडे, सैलसर बांधलं. डॉक्टरांनी मान हलवली. घड्याळ असं हललं की ते काहीही दाखवतं, म्हणाले. खरं असेल किंवा बांगड्यांचा खेळ असेल, ह्यावरून सांगता येणार नाही. मनगटाला घट्ट बांधा, बांगड्या काढा, आठ दिवस. परत आलं तर मी मोठ्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी देतो.

आई म्हणाली, "बांगड्या नाय निघायच्या."

साबणानं निघतील, डॉक्टर म्हणाले.

"तसं नाय. मालक हायेत माझे."

डॉक्टरांना कळलं. ते आमच्याच भागातले. उजव्या हाताला बांधा म्हणाले. उजव्यातही सात आहेत. वर सरकवून बांधून पाहिल्या, घरी येऊन दोन पोळ्या लाटेपर्यंत सगळ्या खाली.

मंगळ. ११ फेब्रु.

भांडण. सुरुवात मी केली. काढ म्हटलं, आठच दिवस, डाव्याच हातातल्या. मी रोज उघड्या हातांनी कामाला जाते, आमच्या लाइनवरच्या लग्न झालेल्या बायकासुद्धा गेटवर काढतात आणि जाताना घालतात, कुणाचं काही होत नाही.

आईनं करमाडच्या मावशीचं काढलं. तीन वर्षांपूर्वी मावशीच्या बांगड्या जुन्या झाल्या म्हणून तिनं सकाळी उतरवल्या, नव्या भरायच्या राहिल्या, आणि त्या दुपारी काका जालना रोडवर गेले.

मी म्हटलं, ट्रकचा ब्रेक लागला नाही म्हणून गेले. पंचनाम्यात आहे, मीच वाचून दाखवला होता.

"तू शिकली, तुला कारण माहीत. मला दिवस माहीत."

बाबा मोंढ्यात हमाल आहेत, पोती उचलतात. आले तेव्हा आम्ही दोघी दोन कोपऱ्यांत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा जीव हिच्या काचेवर हाय व्हय? मग पोतं उचलताना मी देवाचं नाव कशाला घेतो? बांगड्यावाल्या शमीमआपाचं घेत जाईन."

"जिभेला हाड नाय तुमच्या."

"काढ म्हणतो ना मी. मी सांगतोय, तरी?"

आई उठून बाहेर गेली. बाबांना वाटलं त्यांनी मिटवलं. उलट वाढलं. ज्याच्यासाठी घालायच्या त्यानंच काढ म्हणावं, हे तिला जास्त लागलं.

आज डबा नेला नाही. तिनं केला नव्हता, मी मागितला नाही.

गुरु. १३ फेब्रु.

शमीमआपा समोरच राहते, मनियार. टोपली घेऊन दारोदार बांगड्या भरते. आईच्या लग्नापासून आईच्या हातात बांगडी तिनंच भरली आहे. आई दोन दिवस तिच्याकडे जाऊन माझी तक्रार करत असावी, कारण आज मी आल्या आल्या तिनं मला हाक मारली आणि ओट्यावर बसवलं.

"तू क्या बोली गे आईकू? काढ बोली?"

हो म्हटलं.

"काढते मरे पीछे. सुहागन के हाथ की बांगडी काढते नक्को बोल. वाढवते बोल."

मला हा शब्द माहीत नव्हता असं नाही. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. आजी म्हणायची. मी वापरला नाही, कारण खोटा आहे. जे कमी होतं त्याला वाढलं म्हणायचं.

शमीमआपा आमच्या घरी आली. आईला म्हणाली, "मंदाताई, डाव्या हातातल्या वाढवू ना आठ रोज? फिर मीच भरते, शिवरात्रीच्या आधी." आईनं हात पुढे केला. एवढंच. तीन दिवस मी ओरडत होते आणि तिनं एका वाक्यात हात पुढे केला.

साबण लावून, तळहात चेपून, सातही एकेक करून निघाल्या, एकही फुटली नाही. आईचे डोळे मिटलेले. शेवटची निघायच्या आधी आपानं हळदीत बुडवलेला दोरा मनगटाला बांधला, हात क्षणभरही मोकळा राहू नये म्हणून. मग शेवटची काढली. दोऱ्याच्या वर घड्याळ घट्ट बांधलं. मी बांधलं.

कंपनीत असं लिहिलं तर कागद परत येईल, पण लिहिते: गुरु. १३/२, सायं. ६.४०, आईच्या डाव्या हातातल्या सात बांगड्या वाढवल्या. वाढवणारी शमीमआपा. हजर: मी.

शुक्र. १४ फेब्रु.

घड्याळ आता आईकडेच, दिवसरात्र. मी आले की मोबाइल जवळ नेते, तेव्हा सगळं उतरतं. काही नाही.

रवि. १६ फेब्रु.

काही नाही.

आई पदर डाव्या हातावरून ओढून घेते. पोळ्या लाटताना सुटतो. तीन मजले असलेल्या घरच्या काकूंनी काल हात पाहिला आणि लगेच कपाळाकडे पाहिलं, कुंकू आहे का म्हणून. मग विचारलं, "मंदाबाई, घरी सगळे बरे ना?" आईनं घड्याळाचं सांगितलं. काकू म्हणाल्या, बरं केलंत. पण निघताना हळदीकुंकवाला बोलवायचं म्हणत होत्या ते परत म्हणाल्या नाहीत.

हे आईनं सांगितलं ते भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. माझ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मंगळ. १८ फेब्रु.

पाच दिवस झाले. काही नाही. आई म्हणाली, "बघ, घट्ट बांधल्यावर गेलं पाखरू. बांगड्यांचाच खेळ होता." बाबांनीही मान डोलावली.

मला अलर्ट यावा असं वाटतंय. आईला काही नसेल तर मी तिला उगाच उघड्या हातानं चार घरं फिरवली. तिला काही असेल तर मी बरोबर. म्हणजे मी बरोबर ठरावं म्हणून तिच्या काळजात बिघाड असावा असं मला वाटतंय. हे वाचायला वाईट दिसतं. दिसू दे.

बुध. १९ फेब्रु.

शिवजयंतीची सुट्टी. मोंढा बंद, बाबाही घरी. चौकातून ढोल ऐकू येत होते.

दुपारी आई आडवी झाली तशी मी शेजारी बसले. दोन वाजून गेले, अडीच झाले. मी तिच्या उजव्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, बोटं ठेवली होती. ती म्हणाली, गुदगुल्या होतात. मग झोपली.

पावणेतीनच्या सुमाराला बोटांखाली बदललं. आधी एकसारखं होतं. मग दोन लगेच लगेच, मग काहीच नाही, मी श्वास धरला, मग तीन घाईनं, मग एक दुबळा. त्यात काही हिशेब नव्हता. आईनं डोळे उघडले. "आलं," म्हणाली, जसं बस आली म्हणावं.

बाबांना हाक मारली. त्यांची बोटं पोत्यांनी जाड झालेली, त्यांना आधी काहीच लागेना. मी त्यांची दोन बोटं धरून जागेवर दाबली. ते वाकून बसले.

"हे असं कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मला सांगितलं नाय कधी."

"काय सांगायचं? तुमच्यात पण असंल वाटलं."

बाबांनी दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. एका हातानं तिचे, एका हातानं स्वतःचे, असे बसून राहिले. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून ठेवला.

घड्याळ थरथरलं तेव्हा चार वाजून गेले होते. तेच वाक्य. ह्या वेळी कुणी वाचून दाखव म्हणालं नाही.

शुक्र. २१ फेब्रु.

काल चिठ्ठी घेतली, आज मोठ्या दवाखान्यात. सकाळी आठपासून रांग. ईसीजी, मग छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर बघतात ती तपासणी. डॉक्टरबाई तरुण, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. उघडझाप करणारी एक झडप आहे, ती पुरती उघडत नाही.

त्यांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का, ताप येऊन?

आई म्हणाली, हो, गुडघे. नऊ वर्षांची असेल. सिल्लोडकडच्या त्यांच्या गावात शाळा नवीन होती, नाव घातलं होतं. तीन महिने गेली. मग गुडघे सुजले, चालता येईना, मामा खांद्यावर घेऊन पोचवायचा. मग तोही कंटाळला. बरी झाली तेव्हा पोरी पुढं गेल्या होत्या, परत नाही गेली.

आई शाळेत गेली होती हे मला आज कळलं. आमच्या घरात शाळेचं तोंड बघितलेली पहिली मी, असं मी दहा ठिकाणी सांगितलंय. तिनं एकदाही दुरुस्त केलं नाही.

बाई म्हणाल्या, तेव्हाच्या त्या तापानं झडप खराब झाली. ठोका असा विस्कटला की आत रक्त साचून गाठ होते, गाठ मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची, रोज, संध्याकाळी एकाच वेळेला. दर आठवड्याला रक्त तपासायचं. झडपेचं काय करायचं ते महिन्यानं बघू, फुग्यानं उघडता येईल कदाचित. गोळी मात्र चुकवायची नाही.

घड्याळाचं सांगितलं तर म्हणाल्या, चांगलं झालं, आता घड्याळ सोडा, गोळी धरा.

निघताना सिस्टरनं सूचना दिल्या. ह्या गोळीनं रक्त लवकर थांबत नाही. पडायचं नाही, विळी जपून. मग आईच्या उजव्या हाताकडे बघून: "आणि मावशी, काचेच्या नका घालू. लागली तर वाहत राहील. प्लास्टिकच्या मिळतात छान."

आई बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत होती. चिकलठाण्याजवळ बोलली. "आधी म्हणली आठ दिवस."

सोम. २४ फेब्रु.

गोळ्या फडताळात. सुरू नाहीत. बुधवारी महाशिवरात्र, उपास, रिकाम्या पोटी नको, असं आईचं. डॉक्टरबाई तसं म्हणाल्या नव्हत्या. वेरूळला जायचं ठरलंय, बाबा सोबत जाणार. रांगेत उभं राहू देणार नाही, मी कठड्यावर बसवीन, असं बाबांनी मला दोनदा सांगितलं.

आजपासून माझी दुपारची पाळी, तीन ते अकरा. पावणेदोनला बससाठी निघायचं. म्हणजे संध्याकाळी सातला मी घरी नाही.

दवाखान्यानं गोळीची वही दिली आहे. मी रकाने आखले: तारीख, वेळ, घेतली, तपासलं. आईला म्हटलं, 'घेतली'मध्ये खूण कर. तिनं पेन घेतलं नाही. टिकलीचं पाकीट काढलं आणि म्हणाली, टिकली लावीन.

गोळी घेतल्यावर लावायची, आधी नाही, हे समजावलं. कंपनीत काम आधी, सही मग. "व्हय गं, समजलं," म्हणाली.

मंगळ. २५ फेब्रु.

सकाळी शमीमआपानं डाव्या हातात भरल्या. काचेच्या, हिरव्या, सात. मी प्लास्टिकच्या आणल्या होत्या, आपानं हातात घेऊन पाहिल्या, आईकडे पाहिलं आणि परत पिशवीत ठेवल्या.

मी म्हटलं, सिस्टर काय म्हणाल्या ते ऐकलं ना. गोळी आणि काच दोन्ही नाही चालायचं.

आई म्हणाली, "मग दोन्हीतलं एक ठेवू."

कुठलं, ते बोलली नाही. आपा टोपली उचलून उभी राहिली होती. ती म्हणाली, मी बारीक घोटीव काठाच्या देते, लागत नाहीत. हे खरं आहे का माहीत नाही. काच ती काच.

गुरु. २७ फेब्रु.

काल वेरूळहून दोघं सुखरूप आले. बाबांनी बसवलं होतं खरंच, आईच्या बोलण्यावरून. भगर आणि आमटी झाकून ठेवली होती माझ्यासाठी.

आज पहिली गोळी. सातला. जाताना वही फडताळाच्या वर, सहज दिसेल अशी ठेवली. सकाळीच आईला आठवण करून दिली. बाबांना म्हटलं, 'तपासलं'मध्ये कुणीतरी हवं, दुसरी व्यक्ती. समोर उभं राहून गोळी गिळताना बघायचं आणि मगच अंगठा. मी नसते म्हणून तुम्ही. बाबा म्हणाले, "माझी बढती झाली म्हण की."

शुक्र. २८ फेब्रु.

सकाळी वही पाहिली. २७ तारखेसमोर लाल टिकली, शेजारी निळ्या शाईचा अंगठा, थोडा पसरलेला. पाकिटातून एक गोळी कमी.

आईच्या हातात काच तशीच.

शनि. १ मार्च

दोन टिकल्या, दोन अंगठे. दोन गोळ्या कमी. आकडे जुळतात.

बाबा डबा घेऊन निघाले होते, तेव्हा विचारलं, दोन्ही दिवस तुम्ही समोर होता ना?

"अंगठा कुणाचा हाय मग?"

आणि गेले. हे उत्तर नाही.

मोंढ्याचं काम साडेसातला सुटतं. तिथून सायकलवर घर पाऊण तास. इतक्या वर्षांत ते सव्वाआठच्या आत आलेले मला आठवत नाहीत.

दोन दिवस मुकादमाला सांगून लवकर निघाले असतील. १९ तारखेला त्यांनी बोटं ठेवली होती, त्यानंतर ते निघूही शकतात. किंवा आईनं म्हटलं असेल, उमटवा एक अंगठा, पोरीला झोप लागू द्या. मोरीत टाकलेली गोळीही पाकिटातून कमीच होते.

असं काही निघालं की कंपनीत दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात आणि दोघांची उत्तरं शेजारीशेजारी लिहितात. मी स्वतः लिहिली आहेत, दुसऱ्यांची.

आई पोळ्यांना गेली आहे. आज शनिवार, दोनच घरं, साडेअकराला येईल. मी पावणेदोनला निघते. मध्ये सव्वादोन तास, तिला एकटीला विचारायला.